जास्वंदीवरचे पांढरे पुंजके

प्रश्न : गच्चीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आले असून कळ्या उमलण्याआधीच गळतात. कडुनिंबाचे तेल दोनदा फवारले, तरी आठवड्याभरात पुंजके पुन्हा दिसू लागले. घरात लहान मूल असल्याने रासायनिक औषध नको आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. फवारणीपूर्वी खोडावरून मुंग्यांची रांग चढते आहे का, ते पाहावे. झाडाचा रस शोषताना हे ढेकूण गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात आणि त्याच्या लोभाने मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या मित्रकिडींनाही हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. कुंडी तिवईवर ठेवून तिचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि एकही फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकू देऊ नये.

त्यानंतर फार किडलेले शेंडे छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. ते खताच्या डब्यात टाकू नयेत. उरलेले पुंजके जुन्या टूथब्रशने घासून काढावेत, कारण त्यांच्या मेणचट आवरणावरून फवारा ओघळून जातो. ५ मिली कडुनिंबाचे तेल आधी थोड्या द्रव साबणात घोटून मग एक लिटर कोमट पाण्यात मिसळावे आणि संध्याकाळी पानांच्या मागे व फांद्यांच्या बेचक्यांत फवारावे. उन्हात त्यातील कीडनाशक घटक लवकर निकामी होतो. दर आठवड्याला एकदा, असे तीन वेळा करावे. तंबाखूचे पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून सर्रास सुचवले जाते. परंतु निकोटीन हे विष आहे आणि ते त्वचेवाटेही शरीरात जाते, तेव्हा मूल असलेल्या घरात तो उपाय नकोच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पिठ्या ढेकणांना खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणला गेला. त्याची अळीही पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असते, त्यामुळे अनेकजण तिलाच कीड समजून चिरडतात. पुंजक्याला काडीने हलकेच डिवचून पाहावे : ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी मात्र त्याच्याहून मोठी, लांब झिपऱ्यांची असते आणि तुरुतुरु चालू लागते. अशी अळी आढळली, तर त्या कुंडीवरील फवारणी थांबवावी.