सोलापुरात घरी येऊन सेवा देणारं हॉस्पिस चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे, 'आता केमो नको, घरी न्या' असं डॉक्टरांनी सांगितलंय. घरी येऊन हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाची, सेवा देणाऱ्या दोन-तीन ठिकाणांचे नंबर मिळालेत आणि फोनवर सगळेच गोड बोलतात. त्यातलं बरं कोणतं?

नेटवर या विषयावर ज्या याद्या सापडतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या आहेत. तिकडे हॉस्पिसचा खर्च मुख्यतः मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, उचलतं आणि कुटुंबांच्या सर्वेक्षणाचे आकडे हॉस्पिसनिहाय जाहीर होतात. आपल्याकडे असं गुणपत्रक नाही, त्यामुळे परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागेल. मी दोनच प्रश्नांवर निम्म्याहून जास्त गुण देईन: मॉर्फिन, म्हणजे कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावरचं औषध, कुठून येतं आणि रात्री दोनला फोन कोण उचलतं.

त्याआधी समोरचा नक्की काय विकतोय ते समजून घ्या. नर्सिंग ब्युरो बारा किंवा चोवीस तासांसाठी मावशी किंवा ब्रदर पाठवतो. अंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं हे त्यांचं काम. त्याची गरज असतेच, पण ती पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, नव्हे. काही जण डॉक्टर पाठवून घरी सलाईन लावून देतात, तीही नव्हे. पॅलिएटिव्ह टीममध्ये निदान एक प्रशिक्षित डॉक्टर आणि एक नोंदणीकृत नर्स असते, दुखणं मोजून औषध ठरवलं जातं आणि घरच्यांना शिकवलं जातं. पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये एमडी केलेले डॉक्टर अजून मोजके आहेत, त्यामुळे तो हट्ट धरू नका. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण झालं असेल तरी चालेल. नर्सकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे मात्र सरळ विचारा. राग आला तर येऊ दे.

आता मॉर्फिन. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, दुरुस्ती झाली. तेव्हापासून राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), मान्यता मिळालेली संस्था मॉर्फिन ठेवू आणि देऊ शकते. म्हणून विचारा: तुमची स्वतःची मान्यता आहे का? नसेल तर कोणत्या हॉस्पिटलमधून आणता, आणायला कोण जातं, मागच्या तीन महिन्यांत साठा संपला होता का? 'तेवढी गरज पडत नाही, आम्ही ट्रॅमाडॉलवर भागवतो' असं उत्तर आलं तर पुढचं नाव बघा. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक. ते वाईट नाही, पण त्याला मर्यादा आहे. तोंडाचा कॅन्सर जबड्यात किंवा मानेत उतरला की ती मर्यादा बहुतेकदा लवकर येते. 'मॉर्फिन दिलं की माणूस जातो' असं सेवा देणाराच म्हणत असेल तर फोन ठेवलात तरी चालेल. दुखलं की पेंटाझोसिनचं इंजेक्शन ठोकणं, हेही कच्च्या कामाचं लक्षण. कॅन्सरच्या दीर्घ दुखण्याला ते योग्य नाही आणि मॉर्फिनच्या कामात ते अडथळा आणतं.

मॉर्फिन देणाऱ्यालाही ते नीट देता येतं का, हे चिठ्ठीवरून कळतं. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून वेळापत्रक घड्याळावर चालतं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. चिठ्ठीवर 'दुखल्यास घेणे' एवढंच असेल तर ते चूक आहे. नेमाच्या गोळीशिवाय मधेच कळ उठली तर घ्यायची जादा मात्राही लिहिलेली हवी. ती साधारण दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाएवढी असते. कोणाला १० मिलिग्रॅमप्रमाणे दिवसाला ६० चालू असेल तर जादा मात्रा १० ची. (हा हिशोब चिठ्ठी तपासण्यापुरता आहे. तुमच्या वडिलांची मात्रा डॉक्टरच ठरवतील. वय जास्त किंवा किडनी कमजोर असेल तर ती कमी ठेवावी लागते, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागणारा डॉक्टर मला आवडतो.)

त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासून हवी. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन असेपर्यंत राहतं. बिसाकोडिलसारखं आतड्याला हालवणारं औषध लागतं. आपल्याकडे घरोघरी इसबगोल देतात, पण पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते आत घट्ट होऊन उलट अडकू शकतं. चार दिवस शौच नाही आणि 'जेवत नाहीत म्हणून होत नाही' असं नर्स म्हणाली, तर तिला हे शिकवलेलंच नाही असं समजा.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा उघडेनासा होतो आणि गिळणं थांबतं. तेव्हा काय करणार, हे आजच विचारून ठेवा. साधी मॉर्फिनची गोळी कुटून पाण्यातून नाकातल्या नळीतून देता येते. हळू सुटणारी गोळी कुटायची नसते, कारण सगळं औषध एकदम अंगात जातं. नळीही नको असेल तर कातडीखाली बारीक फुलपाखरी सुई ठेवून औषध देता येतं, आणि ते घरीही जमतं. फेंटानिल या वेदनाशामकाचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, हा तिसरा मार्ग. तो ७२ तास चालतो, पण असर चढायला बारा तास किंवा जास्त लागतात, म्हणून भडकलेल्या दुखण्यावर नुसता पॅच लावून निघून जाणं बरोबर नाही. शिवाय उष्णतेनं त्यातलं औषध जास्त वेगानं अंगात शिरतं. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४० च्या वर असताना पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या, त्यात ताप असलेल्या माणसाला पॅच लावायचा, तर गुंगी आणि श्वासाकडे लक्ष कसं ठेवायचं हे सांगायलाच हवं. हे न विचारता सांगणारी टीम मिळाली तर सोडू नका.

रात्रीची परीक्षा सोपी आहे. नाव नोंदवण्याआधी एकदा रात्री साडेदहा-अकराला आणि एकदा रविवारी दुपारी त्यांच्या नंबरवर फोन करा. उचलला का? उचलणाऱ्याला औषधांबद्दल बोलता आलं, की 'सकाळी मॅडम आल्यावर सांगतो'? रात्री प्रत्यक्ष घरी येतात का, आणि येत नसतील तर फोनवरून काय करायला सांगतात? माझ्या मते रात्री न येणारी पण फोनवर नीट मार्गदर्शन करणारी टीमही चालते, मात्र अट अशी की लागणारी औषधं आधीच घरात ठेवलेली हवीत: दुखण्याच्या कळेसाठी, उलटीसाठी, बेचैनीसाठी, घशातल्या घरघरीसाठी. प्रत्येक पाकिटावर कशासाठी आणि किती, हे मराठीत लिहिलेलं हवं. असा औषधांचा डबा घरात नाही आणि रात्री कोणी येतही नाही, तर तुम्ही पहाटे रिक्षा शोधत सिव्हिलच्या दारात उभे राहणार. तेच टाळायला तर ही सेवा घ्यायची आहे. यात्रेचं आणि सणाचंही विचारा. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा गावातले रस्ते बंद असतात, त्या दिवशीची भेट आदल्या दिवशी उरकतात का? तुम्ही अक्कलकोट किंवा मोहोळकडे राहत असाल तर किती किलोमीटरपर्यंत येतात हे लेखी घ्या.

पहिली भेट झाली की बरंच कळतं. तासाभराच्या आत आटोपणारी पहिली भेट मला पुरेशी वाटत नाही. दुखणं ० ते १० मध्ये किती हे वडिलांनाच विचारलं का, तुम्हाला नव्हे? कुठं दुखतं, रात्री झोप लागते का, याची नोंद केली का, आणि पुढच्या वेळी तो आकडा पुन्हा विचारला का? आकडा ७ वरच अडकलाय आणि आठवडाभर औषध तेच, तर सेवा चालू आहे पण काम होत नाही. तोंड आतून टॉर्च लावून पाहिलं का? पाठ उघडून माकडहाड, टाचा, खुबे पाहिले का? पाठ न बघता बीपी आणि शुगर मोजून गेलेली नर्स बेडसोर तयार झाल्यावरच तुम्हाला सांगणार.

आणखी एक गोष्ट इथंच तपासा, ती म्हणजे भाषा. आपल्या गावात पूर्व भागातल्या आजी तेलुगूतच कण्हतात, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नडमध्ये, कुणी उर्दूत. आयुष्यभर मराठी बोललेला माणूसही गुंगीत आईच्या भाषेवर जातो. टीममध्ये ती भाषा येणारं निदान एक माणूस असावं, नाहीतर दुखण्याचा आकडा नेहमी तुमच्याच तोंडून जाईल.

जखमेबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण तोंडाच्या कॅन्सरमध्ये घरचे इथंच खचतात. गालाची जखम बाहेर फुटली की वास येतो. नातवंडं खोलीत यायची थांबतात, तेही माणसाला कळतं. हा वास पुष्कळ कमी करता येतो: जखम मिठाच्या पाण्याने धुऊन मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकणं हा स्वस्त आणि रुळलेला उपाय आहे. जखमेत अळ्या झाल्या तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्या बाहेर काढतात. 'ड्रेसिंग करतो' एवढ्यावर थांबू नका, 'वासाचं काय करता, अळ्यांचं काय करता' असं विचारा. अडखळले तर त्यांनी अशा जखमा फार पाहिलेल्या नाहीत. मानेजवळच्या जखमेतून मोठा रक्तस्राव होऊ शकतो, याची कल्पना टीमनं तुम्हाला आधीच आणि शांतपणे द्यायला हवी. खाटेजवळ गडद रंगाचे टॉवेल ठेवा असं सांगतात, कारण गडद कापडावर रक्त कमी दिसतं आणि घाबरगुंडी कमी उडते. टॉवेलांना आपल्याकडे तोटा नाही. मरून किंवा गडद निळे चार बाजूला काढून ठेवा. कूस दर दोन तासांनी बदलायची असते, तेव्हा गुडघ्यात आणि पाठीमागे गुंडाळी करून ठेवायलाही हेच टॉवेल उपयोगी पडतात. हवेची गादी भाड्यानं देतात का ते विचारा, पण गादी आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि वीज जाते, हे धरून बोलणारा माणूस या गावात काम केलेला असतो. ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. लाईट गेली तर काय, सिलिंडर आहे का? खरं तर शेवटच्या टप्प्यातल्या धापेला बऱ्याचदा तोंडावर पंख्याचा वारा आणि थोडं मॉर्फिन जास्त उपयोगी पडतं. मशिनचं भाडं लावायची घाई करणाऱ्याकडे जरा संशयानं बघा.

सलाईनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत भूक-तहान कमी होते. तेव्हा बाटल्या चढवत राहिलं तर पाय सुजतात, छातीत पाणी होतं आणि घशातली घरघर वाढते. नातेवाईक 'काहीतरी करा' म्हणतात आणि बाटलीमागे पैसे मिळतात, त्यामुळे मोह दोन्हीकडून असतो. चांगली टीम इथं नाही म्हणते, ओठ ओले ठेवायला आणि माणसाला कुशीवर वळवायला शिकवते.

घरी जमणारच नसेल, तर हॉस्पिटलात काही दिवस दाखल करून दुखणं आटोक्यात आणायचं आणि परत घरी आणायचं, हाही मार्ग आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल किंवा जिथं उपचार झाले ते हॉस्पिटल यांच्याकडे वेदनेसाठी वेगळी ओपीडी आहे का विचारा. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे, म्हणून सरकारी दवाखान्यातही चौकशी करून ठेवा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सेवा देतं. प्रवास झेपत असेपर्यंतच त्याचा विचार करा.

पैशाचं थोडक्यात: भेटीचा दर, रात्रीचा दर, ड्रेसिंगचं सामान कोणाचं, मशिनचं डिपॉझिट, आणि मधेच सेवा थांबली तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे कागदावर घ्या. महिन्याचं पॅकेज एकरकमी भरू नका, आठवड्याचं धरा.

शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारा: घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, आणि किती वेळात? घरी झालेल्या मृत्यूचं कारण डॉक्टर नमुना ४अ मध्ये लिहून देतात आणि महापालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. पाहत असलेला डॉक्टर आला नाही तर ऐनवेळी पार्थिव घेऊन दवाखान्याच्या चकरा होतात. 'आमचे डॉक्टर येऊन पाहतील आणि दाखला देतील' हे नोंदणीच्या वेळीच कबूल करून घ्या. उपचारांबाबतची वडिलांची इच्छा त्यांना बोलता येतंय तोवर लिहून ठेवायची असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानं आणि २०२३ मधल्या सुधारणेनं दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. टीमला ही प्रक्रिया ठाऊक आहे का, हेही बघा.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या ते मोजून परत घेतात का, तेही विचारा. दर भेटीला गोळ्या मोजून वहीत लिहिणारी टीम त्या नेते. मोजत नसतील, तर त्या तुमच्या कपाटात पडून राहतील.