संघटनेचा निरोप कसा पोहोचवायचा?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. गेल्या महिन्यात प्राध्यापक संघटनेच्या आमच्या शाखेचं सचिवपद माझ्याकडे आलं. सभासद ३१. व्हॉट्सॲपवर मी रोज काही ना काही टाकतो, पण कामाचं कुणी वाचत नाही. उलट 'थकबाकी मंजूर झाली' अशी अफवा अर्ध्या तासात सगळीकडे होते. शिवाय दोघंजण म्हणतात, ग्रंथपालानं शिक्षकांच्या संघटनेत कशाला पुढे व्हावं? काय करू?
— एक ग्रंथपाल

उत्तर : शेवटच्या शंकेचं आधी सांगते, कारण ग्रंथपाल म्हणून ती मीही ऐकली आहे आणि ती मनाला लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये 'शिक्षक' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत ग्रंथपाल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाची सुरुवात सहायक प्राध्यापकासारखीच शैक्षणिक स्तर १० वर होते, मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्या दोघांशी वाद घालू नका. ही दोन पानं त्यांच्यापुढे ठेवा आणि कामाला लागा.

आता निरोपाचं. मी सात वर्षं शाखेची सचिव होते. २०१३ साली ४ फेब्रुवारी ते १० मे राज्यभर प्राध्यापकांचा परीक्षांच्या कामावर बहिष्कार होता, आणि ७१ दिवसांचा पगार रोखला गेला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट ही पात्रता परीक्षा झालेली नसताना लागलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न सुटावा, ही एक मोठी मागणी होती. आमच्याकडे इंग्रजीचे एक सर होते, १९९३ साली लागलेले. २७ जूनला शासन निर्णय निघाला. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर निरोप आला : 'नेट-सेटवाल्यांचं काम झालं.' मला इतका आनंद झाला, की तो मी तसाच सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. दुपारी निर्णयाची प्रत हातात पडली. सेवा नियमित होणार होत्या, पण शासन निर्णयाच्या तारखेपासून. म्हणजे मागची वीस वर्षं त्यात धरलेलीच नव्हती. सरांनी ती ओळ दोनदा वाचली, डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि तासाला निघून गेले. त्यानंतर मूळ कागद पूर्ण वाचल्याशिवाय मी एक ओळही पुढे पाठवली नाही.

तुम्हीही तेवढं एक व्रत घ्या. शासन निर्णयाच्या शेवटच्या भागात संकेतांक छापलेला असतो; त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे साल, महिना, दिवस. शासनाच्या संकेतस्थळावर शोधून कागद स्वतः उतरवून घ्या. मिळाला नाही, तर ग्रुपवर तसंच लिहा : 'कागद मिळालेला नाही. मिळेपर्यंत बातमी खरी धरू नका.' असं लिहायला संकोच वाटतो, पण सभासदांचा विश्वास बसतो तो यानंच.

रोज टाकणं मात्र बंद करा. शनिवारी एकच निरोप द्या. कोणता कागद आला, तो कुणाला लागू आहे, कुणी कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं, एवढंच लिहा. शुभेच्छा आणि सत्कारांचे फोटो दुसऱ्या ग्रुपवर जाऊ द्या.

आणि एक वही करा. ३१ जणांच्या नियुक्तीच्या तारखा तीत उतरवा. स्तर १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षं, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसतील तर ६ वर्षं सेवा लागते. ग्रंथपालाला त्याखेरीज संगणकीकरण-डिजिटायझेशनचं किमान ५ दिवसांचं प्रशिक्षणही दाखवावं लागतं. कुणाची स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या स्तरावर जाण्याची वेळ, कधी येते, हे वहीवरून कळतं. सहा महिने आधी त्या माणसाला गाठा आणि प्रमाणपत्रं जमवायला लावा. ग्रुपवर 'सर्वांनी नोंद घ्यावी' लिहिलं की कुणीच नोंद घेत नाही. नाव घेऊन सांगितलं की माणूस उठतो. माझ्या सात वर्षांत या वहीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

तुम्ही विदर्भातले, तेव्हा 'नुटा'चं, म्हणजे नागपूर विद्यापीठ शिक्षक संघटनेचं, 'नुटा बुलेटिन' पाहिलंच असेल. शासन निर्णय, न्यायालयाचे आदेश त्यात शब्दशः छापलेले असतात. वाचायला कंटाळवाणं आहे, अशी कुरकूर मी खूप ऐकली. पण वेतननिश्चितीवर शंका निघाली की त्याच जुन्या अंकांसाठी लोक माझ्या ग्रंथालयात धावत यायचे. कागद विषयवार लावणं, हवा तेव्हा काढून देणं हे तर आपलं रोजचंच काम. एक फाइल ग्रंथालयात उघड्यावर ठेवा. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं-मुली सभासद नसतील, तरी त्यांनाही ती वाचू द्या. त्यांना कुणीच काही सांगत नाही.

निवृत्त झालेल्यांची नावं वहीच्या मागच्या पानांवर घ्या. थकबाकी त्यांचीही असते आणि स्टाफरूममधली चर्चा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांना फोन करा, शक्यतो दुपारी चारनंतर.