बाविसाव्या मजल्यावरची पडवी

प्रश्न : खारघरमधल्या एका नव्या संकुलाच्या माहितीपत्रकात दिवाणखान्याला ‘ओटी’, बाल्कनीला ‘पडवी’ आणि आतल्या बेडरूमला ‘माजघर’ म्हटलं आहे. हे बरोबर आहे का? आणि पडवी व ओसरी एकच का?

उत्तर : एकच नव्हेत, निदान कोकणात तरी. घराचे वासे भिंतीबाहेर लांबवून किंवा खाली वेगळं उतरतं छप्पर जोडून जी लांबट जागा मिळते ती पडवी. माझ्या आजोळी, अलिबागजवळ, पडवीची वळचण इतकी खाली होती की उंच पाहुणा वाकूनच आत यायचा. जळाऊ लाकडं, नांगर, मामाची सायकल, पावसाळ्यात न वाळणारे कपडे, सगळं तिथे. तिथून एक पायरी चढलं की ओटी : झोपाळा, पानाचं तबक, आल्यागेल्याची बैठक. ओसरी हा शब्द देशावर जास्त ऐकू येतो. वाड्यात चौकाला लागून, खांबांवर पेललेली. (कोल्हापूर-साताऱ्याकडचे वाचक लगेच ‘आणि आमच्या घरांतला सोपा?’ म्हणतील. तो पुन्हा कधीतरी.)

मग बाविसाव्या मजल्यावरची पडवी? वर उतरतं छप्पर नाही, पुढे अंगण नाही, तर ती पडवी कशी? अधांतरी बाहेर आलेल्या जागेला मराठीत सज्जा हा नेमका शब्द आहेच. घरोघरी मात्र आपण गॅलरी म्हणतो, आणि माझी त्याला काही हरकत नाही. दिवाणखान्याला ओटी म्हणणंही तसंच न पटणारं. माजघराला थोडी सूट देतो. मध्य, मज्झ, माज अशी या शब्दाची वाट. माजघर म्हणजे मधलं, म्हणून अंधारं घर. त्या बेडरूममध्ये भरदुपारी दिवा लावावा लागत असेल, तर तेवढ्यापुरतं नाव शोभतंय म्हणायचं.

याच नवी मुंबईत उलटा प्रकारही पाहायला मिळतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज उभारलं. सात घरं, मध्ये सुमारे ८ मीटर बाय ८ मीटरचं मोकळं आवार. असे तीन गट मिळून आणखी एक मोठं आवार. उतरती कौलारू छपरं. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, कारण ज्याला जसं जमेल तसं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलीही, कित्येक कौलारू घरं जाऊन स्लॅबचे बंगले आले. गेल्या वर्षी तिथे हिंडताना एक आजी दारातून ओरडताना ऐकल्या, “अरे, रस्त्यावर नको, अंगणात खेळा!” अंगण हा शब्द त्यांच्या तोंडी कुठल्याही माहितीपत्रकाने दिला नव्हता.

नाहीतरी जुने शब्द फ्लॅटमध्ये आपले आपण शिरलेलेच आहेत. ओटा एके काळी घराबाहेर, दाराशी असायचा. ठाण्यात मामी “दूध ओट्यावर ठेव” म्हणते तेव्हा तो थेट गॅसखाली आलेला असतो. माळ्याचं तर नशीबच विचित्र. आढ्याखालच्या पेट्या-पिंपांच्या अडगळीतून तो निघाला, चाळीत ‘तिसऱ्या माळ्यावर राहतात’ असा मजल्याच्या मानाला चढला, आणि मामीच्या फ्लॅटमध्ये पोटमाळा होऊन न्हाणीघरावर, गणपतीच्या मखराशेजारी, पुन्हा अडगळीत जाऊन बसला आहे.