भिंत गुण्यात नसते : एका शिकाऊ सुतारास पत्र

सोलापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आयटीआयचे वर्ष संपत आले असताना, फर्निचरचे काम उद्या यंत्रे आणि एआय करणार असतील तर आज रंधा हातात कशासाठी धरायचा, असे तू विचारले आहेस, आणि घरच्या मंडळींनीही हाच धागा पकडून तुला दुसरीकडे वळवण्याचा आग्रह चालवला आहे, हेही लिहिले आहेस. प्रश्न रास्त आहे. ‘हातातली कला कोणी हिरावून घेत नाही’ असे सांगून तुझी बोळवण करणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण आपण सोलापूरकर आहोत. १८७७ साली उभी राहिलेली गिरणी ज्या गावात आज ‘जुनी मिल’ या नावापुरती उरली आहे आणि ज्या गावाने हातमागाच्या जागी यंत्रमाग आलेले डोळ्यांनी पाहिले आहेत, त्या गावातल्या माणसाने यंत्र कोणाचे काही घेत नाही असे म्हणू नये.

आपल्या धंद्यापुरते बोलायचे तर सुतारकीची कामे यापूर्वीही गेली आहेत. माझे आजोबा बलुत्यावर काम करीत. बाभळीचा नांगर, कुळव, तिफण आणि बैलगाडीची चाके हे त्यांचे वर्षभराचे काम होते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालीच बाजारात आला होता, पुढे ट्रॅक्टर आला आणि ते काम संपले. वडिलांनी दारे, खिडक्या आणि चौकटी केल्या. त्यांतल्या खिडक्या अ‍ॅल्युमिनियमने नेल्या आणि न्हाणीघराच्या चौकटी ग्रॅनाइटने नेल्या. मी प्लायवूडवर आलो. म्हणजे आमच्या घरात तीन पिढ्यांनी तीन वेगळे धंदे केले, फक्त त्या तिन्हींना लोक सुतारकीच म्हणत राहिले.

आता चौथी पाळी तुझी आहे, म्हणून यंत्राने आजवर काय नेले ते आधी नीट पाहा. आठ बाय चारच्या प्लायच्या शीटमधून कमीत कमी तुकडे वाया जातील अशी मांडणी करण्यात पूर्वी मुरलेल्या मिस्त्रीची सकाळ जात असे, आणि त्या हिशेबावरच त्याचा मान ठरत असे. आज संगणक ती मांडणी काही क्षणांत काढतो, पात्याची जाडीसुद्धा धरतो. पॅनल सॉ सरळ कापतो, एज बँडिंगचे यंत्र कडा चिकटवून साफ करते, बिजागरीचे ३५ मिलिमीटरचे भोक आणि ३२ मिलिमीटरच्या अंतराने पडणारी फळ्यांची भोके संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी यंत्र न चुकता पाडते. हे काम परत आपल्या हातात येईल अशी आशा धरू नकोस. दिवसभर तेच माप, तोच काप आणि तेच भोक, ही यंत्राचीच कामे आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांची बोटे करवतीत गेलेली पाहिल्यावर ती कामे यंत्राकडे गेली याचे मला दुःखही होत नाही.

ऑक्सफर्डच्या दोन अभ्यासकांनी २०१३ साली अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांची यादी करून कोणते काम संगणकाच्या हाती जाण्याची शक्यता किती आहे याचा अंदाज मांडला होता, आणि तिथल्या ४७ टक्के नोकऱ्या मोठ्या धोक्यात आहेत हा त्यांचा आकडा जगभर गाजला. त्या यादीत सुतारही होताच. पण वर्कशॉपच्या बाकावर कपाटे बनवणाऱ्याला धरलेला धोका बांधकामावरच्या सुतारापेक्षा जास्त होता, हा बारकावा फारसा कोणी सांगत नाही, आणि तुझ्या कामाचा तोच आहे. २०१८ साली सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात दोन यंत्रहातांनी आयकिया कंपनीच्या खुर्चीचा सांगाडा जोडून दाखवला. एकूण २० मिनिटे १९ सेकंद लागली. त्यांतली ११ मिनिटांहून अधिक केवळ हात कसे फिरवायचे हे ठरवण्यात गेली आणि प्रत्यक्ष जोडणीला ८ मिनिटे ५५ सेकंद पुरली. खरोखर मोठे काम आहे ते. मात्र सगळे भाग समोर मांडलेले होते, टेबल सपाट होते आणि खुर्चीला कोणत्याही भिंतीला लागून बसायचे नव्हते.

भिंत म्हणजे काय, हे मला साखर पेठेतल्या एका माळवदाच्या घराने शिकवले. त्या घराच्या स्वयंपाकघराचे माप घेताना मी कमरेच्या उंचीवर एकदाच टेप धरला, नऊ फूट दहा इंच लिहिले आणि तेवढ्यावर कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या मापांची यादी, पाठवली. कपाटांचे बॉक्स अप्रतिम कापून आले. आम्ही डावीकडून बसवत गेलो आणि शेवटचा बॉक्स काही केल्या आत जाईना, कारण दगडमातीची ती भिंत खालच्या अंगाला पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत फुगलेली होती. ओळंबा लावला असता तर ते दिसायला एक मिनिटही लागले नसते. बाजूला फिलर पट्टीसाठी, म्हणजे बॉक्स आणि भिंत यांमधली फट झाकणाऱ्या पट्टीसाठी, जागा ठेवलेली नव्हती, आणि बॉक्सची बाजू तासावी तर ड्रॉवरच्या चॅनलची भोके जात होती. म्हणून तो बॉक्स नव्याने करून आणावा लागला, आणि ते चार दिवस त्या घरातल्या आजींनी सोप्यात शेगडी मांडून सगळ्यांचा स्वयंपाक केला. त्या काही बोलल्या नाहीत, याची खंत मला आजही आहे. यंत्राने चूक केली नव्हती. मी दिलेला आकडा त्याने इमानाने कापला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक भिंतीचे माप खाली, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी घेतो, कोपरा काटकोनात आहे का ते पाहायला गुण्या लावतो, दोन्ही कर्ण मोजतो, सर्वांत लहान आकडा धरतो आणि भिंतीकडच्या बाजूला दीड-दोन इंच फिलरसाठी सोडतो. मग ती पट्टी भिंतीला टेकवून, परकाराचे एक टोक भिंतीवरून फिरवत दुसऱ्या टोकाने पट्टीवर रेघ ओढायची आणि त्या रेघेपर्यंत रंध्याने तासायचे, म्हणजे भिंतीचा फुगवटा जसाच्या तसा लाकडात उतरतो आणि फट राहत नाही. हा फुगवटा लेझरने मोजता येतो हे मला मान्य आहे, आणि उद्या एखादे यंत्र तशी पट्टी कापूनही देईल. पण तीच गोष्ट हजार वेळा करायची असेल तेव्हा यंत्र परवडते, आणि त्या घरातला तो कोपरा जगात एकच आहे. तिसऱ्या मजल्यावर अरुंद जिन्याने यंत्र चढवून एक पट्टी कापून घेण्यापेक्षा माणूस स्वस्त पडतो. तुझी पोटापाण्याची आशा कलेच्या थोरवीवर टेकवू नकोस, या हिशेबावर टेकव. तो अधिक टिकाऊ आहे.

एआयबद्दल तू विशेष विचारले आहेस. अलीकडे गिऱ्हाईक एआयने काढलेले कपाटाचे चित्र मोबाइलवर घेऊन येते, आणि चित्र सुंदर असते. मागच्या वर्षी चादरींचा व्यापार असलेल्या एका गृहस्थांनी दाखवलेल्या चित्रात चार फुटांच्या सलग फळ्या होत्या. सोलापुरी चादरींची थप्पी किती जड असते हे चित्राला ठाऊक नव्हते. अठरा मिलिमीटरची फळी एवढ्या लांबीवर मध्ये आधार नसेल तर वाकणारच. मी मध्ये उभी फळी सुचवली आणि त्यांनी लगेच मानली. उद्या एआयला हेही कळेल, असे धरून चाल. तरीही दार कोणत्या बाजूला उघडले म्हणजे पलंगाला लागणार नाही, वैशाखात बसवलेले सागवानी दार पावसाळ्यात फुगून अडकू नये म्हणून किती फट ठेवायची, हे त्या खोलीत उभे राहून ठरवणारा आणि चुकले तर परत येऊन दुरुस्त करणारा कोणीतरी लागतोच, आणि गिऱ्हाईक पैसे त्याला देते.

माझी खरी काळजी निराळी आहे. काम राहील पण पैसा दुसरीकडे जाईल, हा धोका मला यंत्रापेक्षा मोठा वाटतो. माप दुसऱ्याने घ्यायचे, आराखडा दुसऱ्याने काढायचा, कटिंग दूरच्या शहरात व्हायचे आणि तू फक्त आलेले बॉक्स नगावर दर ठरवून भिंतीला ठोकायचे, असे झाले तर तू सुतार राहत नाहीस, आणि तुझ्याहून कमी दराने ठोकणारा उद्या उभा राहतो. त्यात भर अशी, की पूर्वी हेल्पर चार वर्षे रंधा मारताना नकळत लाकूड ओळखायला शिकत असे. आता कापलेला माल येत असल्यामुळे ती शाळाच बंद होत चालली आहे. म्हणून तुला ती मुद्दाम भरवावी लागेल. वर्षभर सागाच्या तुकड्यांवर सांध्याची खाच आणि तीत बसणारे कुसू हाताने कर, पटाशीला धार स्वतः लाव. संध्याकाळी संगणकावर आराखडा आणि कटिंग लिस्ट काढायला शीक, कारण यंत्राला आकडा देणारा माणूस तू असायला हवास. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकी आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळण्याची तीत सोय आहे. पात्र असलास तर अर्ज कर, संकोच नको.

घरच्यांना माझे हे पत्र वाचून दाखव. आणि येत्या रविवारी कारखान्यावर येताना तुमच्या स्वयंपाकघराचा आराखडा काढून आण: प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजलेली, दोन्ही कर्ण घेतलेले, ओळंबा कुठे किती सूत सुटतो ते लिहिलेले. ते कागद समोर ठेवून आपण दोघे मिळून कटिंग लिस्ट करू.

तुझा हितचिंतक