पावसात पावाचा चुरा का बुरसतो?

प्रश्न : ताई, आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ येतो. त्याचा भोंगा वाजला की आमचे हे मोजदाद न करता उंडे (गोल पाव) घेतात, आणि रोज तीन-चार उरतात. दोन दिवसांनी ते दगडासारखे झाले की मी मिक्सरला लावते. पण चुरा आठवड्याभरात बुरसतो आणि कटलेटला लावला तर तेलात सुटतो. विकतच्यासारखा का होत नाही?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचे उंडे शिळे झालेत, वाळलेले नाहीत. सगळी मेख तिथेच आहे. पाव शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च घट्ट बसतो, पाणी बरंचसं आतच राहतं. खरं वाटत नसेल तर दगड झालेला उंडा झाकण ठेवून तव्यावर गरम करा. मऊ होतो ना? पाणी नसतं तर झाला असता का? तेच पाणी बरणीत जातं, वर आपल्याकडची पावसाळी हवा.

म्हणून उंडा हाताने तोडा, बोटभर तुकडे करा आणि ओव्हनमध्ये 120 अंशांवर अर्धा तास ठेवा, मध्ये एकदा परता. रंग चढू द्यायचा नाही. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा, अगदी मंद आच आणि तुमचा धीर. माझ्या सासूबाई स्वयंपाक झाल्यावर चुलीच्या उबेवर सुपात तुकडे पसरून ठेवत, सकाळी ते कटकन मोडत. तसा आवाज यायला हवा. आतून चिवट लागला तर पुन्हा तव्यावर.

मग पूर्ण गार होऊ द्या. वीज जाईल या भीतीने मी एकदा गरम तुकडेच फिरवले आणि बरणी लगेच बंद केली. झाकणाला आतून घाम फुटला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आता जून ते सप्टेंबर माझा चुरा फ्रीझरमध्येच असतो. लागेल तेवढा काढायचा, पिशवी लगेच बंद.

तेलात सुटण्याचं कारण वेगळं. मिक्सर सलग फिरवला की पीठ होतं, ते तेलात उतरून काळं पडतं. थांबत थांबत फिरवा, चाळा, वरचा रवाळ चुरा कटलेटला आणि खालचं पीठ सारणात. श्रावणात सुरणाचे किंवा बिटाचे कटलेट करता तेव्हा सारण ओलं असतं. आधी मैद्याच्या पातळ पेस्टमध्ये बुडवा, मग चुऱ्यात घोळवा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेल चांगलं तापलेलं हवं, एका वेळी तीन-चारच.

पोय (कोंड्याचा पाव) उरली तर तिचा चुरा सारणातच घाला, कोंड्यामुळे बाहेरून लवकर करपतो. गोड पावाचंही तेच. कांकणं (बांगडीच्या आकाराचे पाव) मुळातच कडक, फार भाजावी लागत नाहीत. बांगड्याला मात्र रवाच. चुऱ्यात घोळवलेल्या बांगड्याला आमच्या घरी कोणी बांगडा म्हणत नाही.

आत्ता बुरसलेली बरणी चाळून वाचवू नका. सगळा चुरा फेका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवा, ऊन पडेल तेव्हा.