'स्वदेशी' आणि 'बहिष्कार': दोन शब्द कशाला?

प्रश्न असा आहे: वंगभंगाच्या, म्हणजे १९०५ च्या बंगालच्या फाळणीच्या, काळाविषयी वाचताना 'स्वदेशी' आणि 'बहिष्कार' कायम जोडीने भेटतात. देशी माल घ्या म्हटलं की परदेशी नको हे ओघानेच आलं, मग दोन शब्द कशाला? आणि 'बहिष्कार' हा 'बॉयकॉट'साठी घडवलेला प्रतिशब्द आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, शब्द जुना आहे. 'बहिस्' म्हणजे बाहेर, त्याला 'कृ' धातू. पंगत, पाणी, सोयरीक तोडून एखाद्याला जातीबाहेर काढणं या अर्थाने तो चांगला रुळलेला होता; 'वाळीत टाकणे' आणि 'ग्रामण्य' ही त्याचीच भावंडं. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून मोठं ग्रामण्य झालं, त्यात रानडे आणि टिळक दोघेही अडकले होते. 'बॉयकॉट' मात्र त्या मानाने कालचा. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी, मजुरांनी, दुकानदारांनी व्यवहार तोडले आणि त्याचं आडनावच क्रियापद झालं. दोन्ही शब्दांत मुळात वाळीत पडतो तो माणूस, माल नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

एरवी परदेशी माल रोखायचा तर सरकार जकात वाढवतं. इथे सरकारच परकं. कापडावरची आयात जकात १८८२ साली उठली, १८९४ मध्ये तिजोरीच्या ओढीने ५ टक्के पुन्हा बसली, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टर भागातल्या, गिरणीमालकांच्या दबावाखाली १८९६ मध्ये ती साडेतीन टक्क्यांवर आणून तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही लादला गेला. म्हणजे संरक्षण शून्य. अशा वेळी 'स्वदेशी' म्हणजे लोकांनी आपणहून भरलेली जकात: जाडंभरडं, प्रसंगी महाग कापड घ्यायचं आणि फरक स्वतः सोसायचा.

अडचण अशी की फायदा सगळ्यांचा, भुर्दंड मात्र एकेकाच्या खिशाला. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडं सूत काढत. मागणी वाढताच देशी धोतरांचे भाव चढले. शेजारी तलम विलायती धोतरजोडी घेत असेल तर आपण का सोसायचं? इथे 'बहिष्कार'चा जुना अर्थ कामाला आला. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला, त्यानंतर बंगालात काही ठिकाणी धोब्यांनी विलायती कपडे धुवायला आणि पुरोहितांनी अशा घरच्या कार्याला यायला नकार दिला. नाव मालाचं, वाळीत पडला तो गिऱ्हाईक. स्वदेशी ही स्वखुशीची जकात असेल, तर बहिष्कार ही तिची वसुली. या वसुलीचा काच गरिबाला जास्त बसला, हेही सांगितलं पाहिजे. स्वस्त कापडाची गरज त्यालाच होती.

रोखही वेगळा होता. स्वदेशीचं तोंड आपल्या विणकराकडे आणि गिरणीकडे, बहिष्काराचं मँचेस्टरकडे: तिथल्या व्यापाऱ्याला झळ लागली की तो लंडनच्या सरकारला धारेवर धरील, हा हिशेब. म्हणूनच गोखल्यांना १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये स्वदेशी मनापासून मान्य होती, पण 'बॉयकॉट' या शब्दाला दुसऱ्याचं वाईट करण्याचा वास येतो असं त्यांना वाटत होतं. टिळकांच्या चतुःसूत्रीत (स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण) तर दोन्ही सूत्रं वेगवेगळी आहेत.

वसुली कितपत झाली? सप्टेंबर १९०६ मधल्या कोलकात्याच्या कस्टम्सच्या नोंदीप्रमाणे परदेशी बूट-जोड्यांची आयात ६८ टक्क्यांनी घटली होती, सुती कापडाची फक्त २२ टक्क्यांनी. आणि त्यातही कोलकात्याचे मारवाडी व्यापारी आणि मँचेस्टरचे कारखानदार यांच्यातल्या व्यवहाराच्या अटींवरून झालेल्या भांडणाचा वाटा होता. मला यात आश्चर्य वाटत नाही. जोडे गावचा चांभार शिवून देई, तलम सूत मात्र देशात पुरेसं निघतच नव्हतं.

आता वापराचं. हल्ली 'मालाचा बहिष्कार केला' असं हिंदी वळणाने लिहिलेलं दिसतं. मराठीत बहिष्कार मालावर घालतात किंवा टाकतात, जशी जकातही मालावरच बसते.