सहा इंजेक्शनांचे पैसे एकदम भरावेत का?

प्रश्न: वय ४७, घरून शिवणकाम करते. तीन वर्षांपासून कंबर दुखते. तासाभरापेक्षा जास्त मशीनवर बसवत नाही, त्यामुळे कमाई घटली आहे. ही घट आमच्या महिन्याच्या घरखर्चाच्या पाव हिश्श्याएवढी आहे. गोळ्या, फिजिओथेरपी सगळं झालं. मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांमुळे दुखत असावं, असं पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना वाटतं आणि त्यांनी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नसेजवळ द्यायचं इंजेक्शन, सुचवला आहे. वर्षभरात सहा इंजेक्शनांचं पॅकेज आहे. आधी पैसे भरले तर २० टक्के सवलत, पण पैसे परत मिळत नाहीत. सवलतीनंतरची रक्कम तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी होते. आमचा आपत्कालीन निधी पाच महिन्यांचा आहे. तो मोडू की पर्सनल लोन काढू?

उत्तर: दोन्ही नको, कारण पॅकेजच नको. डॉक्टरांनी सुचवलंय तर इंजेक्शन जरूर घ्या, पण एकच घ्या आणि सुटं घ्या. पहिल्याचा परिणाम कळल्याशिवाय पुढच्या पाचांची गरज आहे की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत.

त्याचं कारण या उपचारातच आहे. संशय असलेल्या सांध्याकडून येणाऱ्या नसेजवळ भूल देणारं औषध सोडतात, कधी त्यासोबत स्टिरॉइडही देतात. तुमच्या बाबतीत पहिला ब्लॉक हा उपचारापेक्षा तपासणी जास्त आहे. नस बधिर असताना दुखणं बरंच कमी झालं, तर संशय बरोबर असण्याची शक्यता वाढते. काहीच फरक पडला नाही, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे असावं, आणि मग त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचून घेण्यात अर्थ उरत नाही. नुसत्या भुलेच्या औषधाचा असर काही तासांचा असतो. स्टिरॉइड असेल तर आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. काहींना तो मिळतच नाही.

आता तुमचेच आकडे बघू. सुटं इंजेक्शन साधारण १९ दिवसांच्या घरखर्चाला पडतं, पॅकेजमधलं १५ दिवसांच्या. म्हणजे निदान पाच घेतली तरच पॅकेज स्वस्त. चारवर थांबलात, तर १५ दिवसांचा खर्च पाण्यात. आणि थांबावं लागण्याची शक्यता चांगलीच आहे, कारण स्टिरॉइड असलेली इंजेक्शनं वर्षात तीन-चारच्या पुढे नेऊ नयेत असंच डॉक्टर सहसा पाळतात. मग वर्षाला सहा कशाच्या आधारावर, हे क्लिनिकला स्पष्ट विचारा. उत्तर देताना सवलतीचाच विषय पुन्हा निघाला, तर सावध व्हा.

दुसरा हिशेब कमाईचा. बुडालेली कमाई पूर्ण परत आली, तर एका इंजेक्शनचे पैसे अडीच महिन्यांत वसूल होतात; निम्मीच आली तर पाच महिने लागतात. इतका काळ आराम टिकेलच असं नाही. अर्थात, रात्री नीट झोप लागणं हेही मिळकतीतच धरायचं असतं, आणि ते माझ्या वहीत मांडता येत नाही. नुसत्या वसुलीवर निर्णय घ्या असं मी म्हणणार नाही. निधीचा काही भाग यासाठी वापरला तर मला त्यात वावगं दिसत नाही, निधी असतो तो अशाच वेळेसाठी.

पण किती? दोन इंजेक्शनांचे, म्हणजे सव्वा महिन्याच्या खर्चाएवढे पैसे बाजूला काढा. दोन अशासाठी, की एकाच ब्लॉकने मिळालेला होकार बऱ्याचदा फसवा निघतो, म्हणून अनेक डॉक्टर दुसऱ्यांदा देऊन खात्री करतात. दोन्ही वेळा दुखणं ठळकपणे कमी झालं, तर पुढची पायरी बहुधा रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशनची असते. त्यात उष्णतेने ती नस निकामी करतात. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो. नस पुन्हा वाढली की दुखणं परतू शकतं आणि प्रक्रिया पुन्हा करता येते. तिचा खर्च वेगळा, आणि तुम्ही लिहिलेल्या पॅकेजमध्ये फक्त इंजेक्शनं आहेत. निधी आत्ताच पॅकेजमध्ये अडकला, तर खऱ्या उपयोगाच्या पायरीला हात रिकामे राहतील.

अंदाजपत्रक लेखी मागा. त्यात डॉक्टरांची फी, सुई योग्य जागी नेण्यासाठी लागणारं एक्स-रे किंवा सोनोग्राफीचं यंत्र, प्रक्रियेच्या खोलीचं भाडं आणि नंतरची फिजिओथेरपी वेगवेगळी दिसू द्या. फिजिओथेरपीचे पैसे वाचवू नका. दुखणं कमी असतानाच व्यायाम नीट होतो. मधुमेह असेल तर स्टिरॉइडने काही दिवस साखर वाढते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना आधी सांगा. दोन्हींमुळे तपासण्यांचा खर्च वाढू शकतो.

आरोग्य विमा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर इंजेक्शनच्या तारखेआधी कंपनीला विचारा: ही प्रक्रिया डे-केअरमध्ये (दाखल करून त्याच दिवशी घरी) धरतात की ओपीडीत, पूर्वमंजुरी लागते का, आणि जुन्या दुखण्याचा प्रतीक्षा कालावधी संपला आहे का. उत्तर ईमेलवर घ्या.

पर्सनल लोनचा हप्ता आराम मिळाला नाही तरी सुरूच राहतो. कमाई आधीच घटलेल्या घरात तो नकोच. पहिल्या ब्लॉकनंतर दुखणं दहापैकी किती उरलं आणि मशीनवर किती वेळ बसता आलं, हे दर तासाला आणि मग रोज लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, आणि त्यानंतरच दुसऱ्या इंजेक्शनचे पैसे भरा.